आत्यांचा मोडका पाठ

नवरात्र आलं की आमच्या इमारतीखालच्या मांडवात सकाळी टेपवर देवीचा पाठ लावतात. आवाज उत्तम, उच्चार चोख, अडखळणं नाही की धाप लागणं नाही. खाली भाजीवाल्याशी घासाघीस चालते, मुलं शाळेला जायचं नाही म्हणून भोकाड पसरतात, कुणी जिन्यात घसरून पडतं, पाठ आपला चालूच. पहिल्या वर्षी मला तो फार आवडला. पुढे पुढे ऐकवेना. कारण ऐकता ऐकता मी वाट बघत बसते, की आता थांबेल, आता कुणीतरी दारात येईल आणि म्हणणारी बाई उठेल. ती काही उठत नाही. पाठ ऐकायची सवय माझ्या कानांना लागली ती पनवेलला, जानकीआत्यांच्या समोरच्या घरात राहून, आणि जानकीआत्यांचा पाठ रोज मोडायचा. गावात त्याला 'आत्यांचा मोडका पाठ' असंच म्हणत.

मी लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा मात्र हा पाठ मोडका नव्हता. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती, आमचे हे मामलेदार कचेरीत होते, आणि तळ्याजवळच्या आळीत आम्हाला जागा मिळाली होती. समोर दोन खोल्यांत जानकीआत्या एकट्या राहायच्या. खरं म्हणजे आळीत त्या कुणाच्याच आत्या नव्हत्या. त्यांच्या भावाची मुलं त्यांना आत्या म्हणत. भाऊ बिऱ्हाड हलवून ठाण्याला गेला आणि हाक तेवढी मागे राहिली. यजमान भिक्षुकी करत, ते लवकर गेले. आत्या पोह्यांचे पापड, मेतकूट, लोणची करून द्यायच्या आणि कुणाच्या मिंध्या नसायच्या. पांढरट नऊवारी, डोक्यावरून पदर, आणि बोलणं असं की समोरच्यानं आपलं काय चुकलं ते घरी जाऊन आठवावं. पहाटे आळीतल्या कुंपणांवरची जास्वंद त्या बिनदिक्कत तोडायच्या. कुणी हटकलंच तर म्हणायच्या, "देवीची आहेत, देवीला पोचवते. तुझं काय गेलं? तू आपली झोप."

आंघोळ झाली की त्या पूर्वेकडे तोंड करून पोथीसमोर बसत. समोर मागलं दार, पाठीशी पुढचं दार. पाठ त्यांना लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकून आला होता, पोथी उघडायची ती केवळ रिवाज म्हणून. ओंजळीत पाणी घेऊन संकल्प सोडला की आत्या सुटायच्या. खंडाळ्याच्या घाटातून उतरणारी मोटार पनवेलकरांना रोजचीच. आत्यांचा पाठ तसा होता, एकदा उताराला लागला की वळणंसुद्धा त्याच वेगात. आणि नियम असा, की अध्यायाच्या मधे बोलायचं नाही, उठायचं नाही. उठलं तर तो अध्याय पुन्हा पहिल्यापासून म्हणायचा. आत्यांवर ही पाळी कधी आली नव्हती. एकदा मागल्या अंगणात वाळत घातलेले पापड गाईनं त्यांच्या डोळ्यांदेखत फस्त केले. आत्या बघत होत्या. आवाज चढत गेला, वेग वाढत गेला, पण त्या उठल्या नाहीत. अध्याय संपल्यावर मात्र गाईच्या मालकाचा असा उद्धार झाला की सगळी आळी ओट्यावर आली.

हा पाठ कशासाठी चाले ते मला हन्नाबाईंनी सांगितलं. हन्नाबाई आत्यांच्या भिंतीला भिंत लागून राहत. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण, लग्न केलेलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी त्या दिवा लावून हिब्रू प्रार्थना म्हणत, शनिवारी त्यांची चूल पेटत नसे. आत्यांचा मुलगा मोरू, म्हणजे मोरेश्वर, पहिलीला त्यांच्याच वर्गात होता.

"फार प्रश्न विचारायचा," हन्नाबाई म्हणाल्या. "आत्या त्याला समोर बसवून पाठ शिकवायच्या. हा मधेच विचारायचा, आई, याचा अर्थ काय? आत्यांचं उत्तर ठरलेलं. म्हणायचं असतं, विचारायचं नसतं."

मोरूनं वडिलांची घरं सांभाळावीत, म्हणजे त्यांच्या यजमानांकडे जाऊन पाठ-पूजा कराव्यात, असं आत्यांच्या मनात होतं. सतरा-अठराव्या वर्षी एके दिवशी तो शेंडी कापून घरी आला. पोथी फडक्यात बांधून देवीपुढे ठेवली आणि म्हणाला, "जे मला कळत नाही, ते ज्यांना कळत नाही त्यांच्या घरी जाऊन मी म्हणणार नाही." आत्या म्हणाल्या, "मग या घरात पुन्हा तोंड दाखवू नकोस." त्यानं ते खरं करून दाखवलं. तेव्हा लढाई चालू होती. मग कुणी म्हणे तो नाशकात दिसला, कुणी म्हणे जबलपूरला कुठल्याशा कारखान्यात आहे. पत्र कधी आलं नाही. आत्या रोज ओंजळीत पाणी घेऊन देवीला एकच गोष्ट मागत, माझा मोरेश्वर घरी येवो.

आणि तो आला.

नवरात्र होतं. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. हातात पत्र्याची ट्रंक घेतलेला एक उंच माणूस आत्यांच्या दारात येऊन थांबला. मी मोरूला कधी पाहिलेलं नव्हतं. मला वाटलं, पापड न्यायला आला असेल कुणी. त्यानं ट्रंक खाली ठेवली, बूट काढले आणि हाक मारली, "आई."

आतून पाठ चालू होता.

"आई, मी आलोय."

पाठाचा आवाज चढला. वेग वाढला. त्या माणसानं उंबऱ्याला हात लावला, पण तो आत गेला नाही. तसाच उभा राहिला. आतला आवाज आणखी चढला, तसा त्यानं हात काढून घेतला, बूट घातले, ट्रंक उचलली आणि आल्या वाटेनं निघून गेला.

थोड्या वेळानं आत्या धावत बाहेर आल्या. अनवाणी, डोक्यावरचा पदर घसरलेला, हातात तशाच अक्षता. "कुठे गेला? मोरू कुठे गेला?" तेव्हा मला कळलं. सकाळची शाळा सुटून हन्नाबाई कोपऱ्यावरून येत होत्या, त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांना तो वाटेत भेटला होता. त्या त्याला म्हणाल्या, अरे थांब, पाठ होऊ दे. तो म्हणाला, "बाई, ती अजून माझ्याशी बोलत नाही. माझा आवाज ऐकून तिनं आवाज चढवला. तिचा पाठ संपायचा नाही."

आम्ही तिघी मोटारस्टँडवर गेलो. आत्या पुढे, आम्ही मागे. पुण्याची मोटार नुकतीच सुटली होती. धूळ अजून बसायची होती.

परत येताना आत्या एवढंच बोलल्या. "मी घाई केली गं. आवाज ऐकला, ओळखला. अध्याय थोडाच उरला होता. म्हटलं, भरभर संपवते आणि उठते. त्याच्यासाठीच तर म्हणत होते."



त्यानंतर कितीतरी दिवस समोरच्या घरातून पाठ ऐकू आला नाही. जास्वंदी कुंपणांवर फुलून सुकत होत्या. ज्यांनी पूर्वी फुलांवरून तोंड सोडलं होतं त्याच बायका आता परडी भरून आत्यांच्या ओट्यावर ठेवून जायच्या, आणि संध्याकाळी ती परडी तशीच उचलायच्या. एके दुपारी हन्नाबाईंच्या मागल्या पडवीत आम्ही दोघी बसलो असताना आत्या आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "हन्ना, त्या वेळी मी काय म्हणत होते?"

"मला काय विचारता, आत्या? पोथी तुमची."

"म्हणून तर. पोथी माझी आणि मला ठाऊक नाही. पोर दारात उभं होतं आणि मी उठले नाही, असं मी काय म्हणत होते ते मला कळलं पाहिजे."

गावात एक निवृत्त संस्कृतचे मास्तर होते, त्यांना सगळे शास्त्रीबुवा म्हणत. आत्या त्यांच्याकडे गेल्या. बुवा भले गृहस्थ, त्यांनी समजूत घातली, "आता या वयात अर्थ कशाला, आत्या? फळ पाठाला असतं."

"फळ दारापर्यंत आलं होतं, बुवा," आत्या म्हणाल्या. "परत गेलं."

बुवांनी पाट मांडला. मात्र हवी ती जागा एकदम सांगायला ते तयार नव्हते. म्हणाले, पहिल्या पानापासून येऊ, नाहीतर तिथं पोचूनही कळणार नाही. आत्या रोज दुपारी जाऊ लागल्या. परत आल्या की थेट हन्नाबाईंच्या पडवीत. बुवांनी जे सांगितलं ते हन्नाबाईंना आपल्या भाषेत सांगायचं आणि त्यांना पटलं तरच दुसऱ्या दिवशी पुढे सरकायचं, असा त्यांनी परिपाठच ठेवला. मी एकदा विचारलं, "हन्नाबाईंनाच का?" तर म्हणाल्या, "तुम्ही बायका देवीचं नाव आलं की हात जोडता आणि माना डोलावता. हन्ना डोलावत नाही. तिच्या धर्मात देवीच नाही. तिला कळलं तर मला कळलं."

माझ्या जोडलेल्या हातांचं असं माप निघाल्यावर मीही गुमान ऐकायला बसू लागले.

पोथीत सुरुवातीलाच एक वाणी येतो. बायकोनं आणि मुलांनी घराबाहेर काढलेला. तो रानात एका ऋषीला विचारतो, ज्यांनी मला हाकललं त्यांच्याचसाठी माझा जीव का तुटतो? ते बरे असतील ना, हेच का मनात येतं? ऋषी त्याला पाखरं दाखवतो. स्वतः भुकेली असतात, तरी चोचीतला दाणा पिलाच्या चोचीत घालतात. ही सगळी देवीची माया आहे, म्हणतो. एवढं सांगून आत्या थांबल्या. हन्नाबाई म्हणाल्या, "तुमची देवी मला मानता यायची नाही, आत्या. पण पाखरांचं समजलं." आत्यांनी डोळ्यांना पदर लावला. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढे कितीतरी दिवस त्या त्या वाण्यापाशीच होत्या, बुवांनी पान उलटलं तरी त्या उलटू देत नसत.

कधी कधी पडवीत रोडपालीची चांगुणाही असायची. ती हन्नाबाईंना मासळी द्यायची, म्हणून आत्या जरा लांब सरकून बसायच्या, पण सांगायचं थांबवायच्या नाहीत. देवी सगळ्या जिवांत निरनिराळी रूपं घेऊन राहते, हा भाग चालला होता. झोप होऊन राहते, भूक होऊन राहते.

चांगुणा टोपली उचलता उचलता थांबली. "आत्या, भूक बी देवीच हाय?"

"पोथी म्हणते, आहे."

"मंग आमचे घरान देवी भरपूर हाय गो. तुमी लोक तिला नवरात्रान बसवता, आमचेकडं ती उठतच नाय."

हन्नाबाईंना हसू आलं. आत्यांना आलं नाही. त्या चांगुणा गेली त्या वाटेकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढी वर्षं मी या ओळीवर अक्षता वाहत आले. भुकेला नमस्कार करते आहे हे ठाऊक असतं तर एखादा पापड तरी हातावर ठेवला असता." दुसऱ्या दिवसापासून चांगुणाच्या टोपलीत पापडांची पुडी जाऊ लागली. मासळीच्या टोपलीत आत्यांचे पापड! आळीत त्यावर चर्चा झाली. आत्यांनी ती होऊ दिली.

आणि एका दुपारी ती जागा आली. आत्या बुवांकडून परतल्या त्या फार शांत होत्या. पडवीत टेकल्या, पाणी मागितलं, प्यायल्या आणि सांगू लागल्या.

"सगळ्या जिवांत ती असते. लाज होऊन असते, दया होऊन असते. मग येतं, आई होऊन असते, तिला नमस्कार." हात जोडलेले नव्हते. मांडीवर उताणे पडले होते. "आणि त्याच्या लगेच पुढे येतं, भूल होऊन असते. तिलाही नमस्कार."

"पुन्हा सांगा," हन्नाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

"आई होऊन असते. भूल होऊन असते. मी तिथेच होते, हन्ना. एकेका नमस्काराला अक्षता वाहत होते, त्या हातात तशाच राहिल्या होत्या, म्हणून मला जागा पक्की आठवते. पोरानं आई म्हणून हाक मारली, आणि मी आईला नमस्कार करत बसले. पुढची भूल मग माझीच झाली."

मग आत्या म्हणाल्या, "मोरू हेच विचारत होता. लहानपणी, पाय हलवत, याच पानावर. मला सांगता आलं असतं तर तो गेला नसता." त्या हे रडत म्हणाल्या नाहीत. हिशेब लागल्यासारखं म्हणाल्या आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातून पुन्हा पाठ ऐकू आला. मी ओळखलाच नाही. एकेक शब्द पायरी बघून उतरावं तसा येत होता. डोकावून बघितलं तर घराची मांडणी बदललेली. देवीचा पाट पूर्वेच्या भिंतीपासून हलवून त्यांनी पुढच्या दाराशेजारी मांडला होता. आता तोंड देवीकडे, आणि देवीच्या शेजारी सताड उघडं दार. दारात कुणीही आलं की आत्या उठायच्या. पापडाचं गिऱ्हाईक असो, पत्ता विचारणारा असो, चेंडू आत आला म्हणून पोरं असोत, आत्या पोथीवर फडकं टाकून उठायच्या, त्याचं काय ते बघायच्या, पाय धुऊन परत बसायच्या आणि अध्याय पहिल्यापासून धरायच्या. नियम तो नियम. सकाळी बसलेली बाई कधी कधी तिसऱ्या प्रहरी उठायची, तोवर पोटात बिनसाखरेचा चहा.

गाव हसलं. ज्या बायका आपल्या घरच्यांसाठी आत्यांना पाठ करायला सांगत त्यांनी सांगणं सोडलं. मोडक्या पाठाचं फळ कोण घेणार? शास्त्रीबुवासुद्धा कुरकुरले, "आत्या, मधे उठू नये असं आहे."

"ठाऊक आहे. म्हणून शेवटी क्षमा मागते. ती प्रार्थना उगीच का ठेवली असेल पोथीत? आधी समजू दे, मग नमस्कार." हे शेवटचं वाक्य आता त्यांच्या तोंडी सारखं असे. पूर्वीच्या 'म्हणायचं असतं, विचारायचं नसतं'ची जागा त्यानं घेतली होती.

एकदा, तेव्हा माझा मोठा शाळेत जाऊ लागला होता, मी आत्यांकडे बसले असताना दारात एक उंच माणूस येऊन थांबला. हातात ट्रंक. आत्या इतक्या झटकन उठल्या की पळीपंचपात्र कलंडलं. त्याला जवळच्या कोन गावाला जायचं होतं, रस्ता चुकला होता. आत्यांनी त्याला गूळपाणी दिलं, ओट्यावरून खाली उतरून वाट दाखवली, तो वळेपर्यंत उभ्या राहिल्या. आत आल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, "आत्या, मोरू नव्हता."

"ठाऊक आहे गं. आधी मी त्याच्यासाठीच उठायचे. आता जो आला त्याच्यासाठी उठते. संकल्पातही आता मोरूला ये म्हणत नाही. दार उघडं आहे एवढं सांगते."

असं म्हणाल्या खऱ्या. पण सांडलेलं पाणी पुसताना फडकं त्या कोरड्या फरशीवरच फिरवत होत्या.

मग हन्नाबाई गेल्या. त्यांच्या भावाचं सगळं कुटुंब इस्रायलला निघालं, त्या मागे राहून काय करणार? निघायच्या सकाळी त्या आत्यांच्या दारात आल्या तेव्हा पाठ चालू होता. आत्या उठल्या. दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना बराच वेळ उभ्या होत्या, काय बोलल्या मला ऐकू आलं नाही. त्या दिवशी अध्याय पुन्हा सुरू झाला नाही. दुपारी गेले तर पोथीवर फडकं तसंच होतं आणि आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "आता मान न डोलवता कोण ऐकणार?"

पुढे आमचीही बदली मुंबईला झाली. सामान आधी गेलं होतं, टांगा दारात उभा होता, आणि मी मुलांना घेऊन आत्यांच्या पाया पडायला गेले. आत्या पाठाला बसल्या होत्या. मला बघून फडकं टाकलं, उठल्या, मुलांच्या हातावर साखर ठेवली. मग माझा हात धरून मला जरा बाजूला घेतलं.

"मुंबईत सगळ्या गावांची माणसं येतात म्हणे. कधी मोरू भेटला तर..."

मला वाटलं, आता म्हणतील, त्याला घरी यायला सांग.

"ये म्हणू नकोस हो त्याला. त्याचा संसार असेल, त्याला त्याचं काही असेल. एवढंच सांग, तू विचारलं होतंस ते आईला आता सांगता येतं. आणि त्यानं विचारलं, काय ते, तर तूच सांगून टाक. तुला येतं. एवढी वर्षं ऐकलंस ना, मान डोलवत का होईना."

मोरू मला कधी भेटला नाही. आत्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तो आज असलाच तर म्हातारा असेल. त्याच्या आईचा निरोप माझ्याकडे तसाच राहिला, म्हणून तो इथं लिहून ठेवला आहे. अर्थही वर आलाच आहे. मला येतो तेवढा तोच.

टांगा निघाला तेव्हा आत्या दारात उभ्या होत्या. एक हात चौकटीला, दुसऱ्यात पोथीवरचं फडकं. मी मागे वळून बघत होते. त्या आत गेल्या आणि अध्याय पहिल्यापासून सुरू झाला, सावकाश, एकेका शब्दाला थांबत. टांगा तळ्याच्या वळणाशी पोचेपर्यंत तो आवाज ऐकू येत होता. मग तो मधेच थांबला. कुणीतरी दारात आलं असणार.